उजवा गुडघा कोणाचा?

१

सूडाच्या आगीने माणूस पेटून उठतो, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. पेटलेले तर फौजदार गेलं वर्षभर होतेच. अडचण उठण्याची होती. त्यासाठी त्यांना खुर्चीचे दोन्ही हात, एक काठी आणि बायकोचा खांदा लागायचा, आणि एवढं सगळं जमून येईपर्यंत आग बरीचशी निवून जायची.

फौजदार निवृत्त होऊन किती वर्षं झाली हे त्यांच्या बायकोलाच ठाऊक, कारण ती मोजत होती. गल्लीत मात्र ते अजून फौजदारच होते. वर्षापूर्वी त्यांनी दोन्ही झिजलेले गुडघे एकाच दिवशी बदलून घेतले. डावा इतका गुणी निघाला की आपल्याला डावा गुडघा आहे हेच ते विसरले. उजवा मात्र वाया गेलेल्या पोरासारखा पावलोपावली घराण्याचं नाव काढायचा. मोटारीत बसताना तो पाय हाताने उचलून आत ठेवावा लागे, आणि तेवढ्यात जांघेपासून गुडघ्यापर्यंत अशी कळ जाई की ड्रायव्हरला आपलंच काही चुकलं असं वाटे.

हॉस्पिटल एकाच घरातलं होतं. थोरले डॉक्टर हाताने गुडघे बदलत: करवत, हातोडी आणि नजर. त्यांचे जावई, म्हणजे धाकटे डॉक्टर, रोबो लावून बदलत. कोणाचे गुडघे चांगले, यावरून जेवणाच्या टेबलावर इतक्या ठिणग्या उडाल्या की शेवटी शास्त्राला मध्यस्थ नेमावं लागलं. ज्यांचे दोन्ही गुडघे बदलायचे आहेत त्यांचा एक गुडघा थोरल्यांनी हाताने करायचा, दुसरा धाकट्यांनी रोबोने. कुठला कोणाचा हे थिएटरात नाणं उडवून ठरणार. मोठ्या सिस्टर ते एका चिठ्ठीवर लिहिणार आणि चिठ्ठी बंद पेटीत टाकणार. पेशंटला काही सांगायचं नाही. वर्षभराने गुडघे तपासायचे, पेटी उघडायची, आणि जो हरेल त्याने पुन्हा थिएटरची पायरी चढायची नाही.

आज पेटी उघडायची होती. फौजदारांनी भाषण लिहून खिशात ठेवलं होतं. "माझ्या म्हातारपणाची माती करणारा माणूस या सभागृहात बसला आहे" अशी सुरुवात होती आणि "कोर्टात भेटू" असा शेवट. मधे नावापुरती जागा मोकळी होती.

"पाय पुढे करा," बायको खाली बसून म्हणाली आणि तिने त्यांच्या उजव्या पायात मोजा चढवला. "डावा तुमचा तुम्ही घालता. उजव्यावर मात्र वर्षभर माझी नेमणूक."

"एक दिवस कळ काढ. आज त्याचं नाव कळतंय."

"नाव कळलं की मोजा आपोआप चढणार आहे का? आणि तो एक्स-रेचा लखोटा कशाला घेताय? त्याच्यापायी काल माझं अख्खं शब्दकोडं गेलं."

"एक्स-रेने कोडं कसं जाईल?"

"टेबलभर तुमचे फोटो पसरलेले. पातेलं ठेवायला जागा कुठे होती? ठेवलं कोड्याच्या वहीवर. पुतणीने दिलेलं ते खोडता येणारं पेन होतं ना, ऊब लागली आणि अक्षरं गायब. पान कोरं करकरीत."

फौजदारांनी ऐकलं नाही. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यांनी हा एकच गुण मनापासून जोपासला होता.

सभागृह भरलं होतं. गुडघ्यांचे मालक पुढे, नातेवाईक मागे. व्यासपीठावर एका टोकाला थोरले, दुसऱ्या टोकाला धाकटे, आणि मधे हॉस्पिटलची कारभारीण: थोरल्यांची लेक, धाकट्यांची बायको. वर्षभर दोघांना मीठ पास करण्याचं काम तिनेच केलं होतं. मोठ्या सिस्टरांनी स्टीलची पेटी आणून तिच्यापुढे ठेवली. झाकणावर चिकटपट्ट्या, त्यांवर दोन्ही डॉक्टरांच्या सह्या, सगळं जिथल्या तिथे. कारभारणीने पट्ट्या कापल्या, पहिली चिठ्ठी उघडली आणि तिच्याकडे पाहत राहिली. मग दुसरी उघडली. मग पेटी टेबलावर पालथी केली.

एकूण एक चिठ्ठ्या कोऱ्या होत्या.

"चोरी!" धाकटे ओरडले. "हरणार हे दिसल्यावर चोरी!"

"चोर बरा शहाणा," थोरले म्हणाले. "सह्यांना धक्का न लावता नुसती शाई घेऊन गेला."

फौजदार उठले. काठी नाही, खांदा नाही. बायको बघतच राहिली. "कोणी जागचं हलायचं नाही," ते गरजले.

"अहो, तुम्ही रिटायर झालात," बायको कुजबुजली.

"गुडघा माझा आहे. तपास मीच करणार." त्यांनी एक चिठ्ठी उचलून खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. कागदावर पेन फिरल्याचे खड्डे होते. लिहिणारीचा हात हलका, त्यामुळे वाचता येण्याजोगे नव्हते, पण होते.

"या चिठ्ठ्या कोऱ्या नाहीत," फौजदार म्हणाले. "कोणीतरी त्या कोऱ्या केल्यात."

२

थोरल्यांची खोली जुन्या पद्धतीची होती. भिंतीवर हातोड्या टांगलेल्या, मधे त्यांचा स्वतःचा फोटो, तोही हातोडीसह. चहा आला. त्यांचा कप अर्धाच भरलेला होता. तो त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि बशीला टेकवताना दातांवर दात आपटल्यासारखा आवाज झाला.

"तुमचा संशय माझ्यावर आहे," थोरले म्हणाले.

"माझा संशय माझ्या उजव्या गुडघ्याच्या कर्त्यावर आहे. तो तुम्ही असाल तर तुमच्यावर."

"मला आठवत नाही. पोटापुढे हिरवा पडदा, त्यातून वर आलेला एक गुडघा. चेहरे लक्षात राहतात फौजदार, गुडघे नाही."

"जिंकलात तर काय करणार होता?"

थोरल्यांच्या डोळ्यांत आता तरुणपण आलं. "ते यंत्र गेटाबाहेर काढणार होतो. आणि त्याला ढकलायला जावईबापूंना लावणार होतो. ज्याला करवत धरायला मी शिकवलं, त्याने माझ्या पेशंटांसमोर म्हणावं, 'सरांचा काळ गेला'? माझ्या लेकीसमोर? मी तेव्हाच ठरवलं, याला याच्याच थिएटरात मातीत घालायचा."

"ऑपरेशनच्या वेळी तो हजर असायचा?"

"छे. माझी अटच होती. माझ्या वेळी तो बाहेर, त्याच्या वेळी मी बाहेर. आत फक्त मोठ्या सिस्टर आणि भूल देणारे. नजर लागते हो कामाला."

"आणि रोबो?"

"तो तिथेच उभा असतो कोपऱ्यात. जड आहे. हलवणार कोण?" थोरल्यांनी हात कोटाच्या खिशात घातले. "त्याच्या पोटातलं सगळं कंपनीला कळतं, आणि कंपनी ते आपल्या पोटात ठेवते."

बाहेर बाकावर फौजदारांची बायको वाट पाहत होती. याच बाकावर ती वर्षापूर्वीही बसली होती.

"थोरल्यांनी चहा दिला का?"

"दिला."

"वेळेवर दिला म्हणायचा. त्या दिवशी त्या माणसाने माझा जीव टांगणीला लावला होता. धाकटे आत गेले आणि गेले तसे बाहेर आले, बाई, केवढा झपाटा. मग हे थोरले आत शिरले ते शिरलेच. माझं एक कोडं पुरं झालं, दुसरं झालं. म्हटलं, गुडघा बदलतायत की घडवतायत?"

फौजदारांनी हेही ऐकलं नाही. पण या खेपेला ऐकलं नाही ते कानाने. डोक्यात कुठेतरी ते जाऊन बसलं.

३

धाकट्यांची खोली काचेची होती. सगळं दिसावं अशी, त्यामुळे आत काय चाललंय हे कोणी बघत नसे.

"सासरेबुवांनीच केलंय," धाकटे म्हणाले. "दुसरं कोण? लग्नाच्या दिवशी सगळ्या पाहुण्यांसमोर काय म्हणाले माहितीये? 'जावई मिळाला, सर्जन काही मिळाला नाही.' लोक हसले. मीही हसलो. त्या हसण्याचं व्याज अजून फेडायचं राहिलंय."

"रोबो चांगला असतो का?"

"फौजदारसाहेब, हाताची चूक केसाएवढी होते. रोबो ती होऊच देत नाही. ठरलेल्या रेषेबाहेर करवत गेली की हात जागीच अडतो. माणूस म्हातारा असो, थरथरता असो, रेष सरळच."

"मग सगळेच का नाही वापरत?"

"वेळ लागतो. आधी त्याला पाय समजावून सांगावा लागतो. हाताने झटपट होतं." धाकट्यांनी टेबलावरची सळई उचलून दाखवली, पेन्सिलीपेक्षा बारीक. "अशा दोन मांडीच्या हाडात पिळायच्या, दोन नडगीत. त्यांवरच्या खुणा बघून रोबोला कळतं पाय कुठे आहे. काम झालं की काढायच्या."

फौजदारांनी पँट वर केली. "माझ्या दोन्ही पायांवर तसले व्रण आहेत."

"असणारच. एका पायात सळया, दुसऱ्यावर नुसती कातडीला चीर. कुठला रोबोचा हे तुम्हाला ओळखता येऊ नये म्हणून."

"म्हणजे मला फसवण्यासाठी मला कापलं?"

"संमतीपत्रात होतं."

"कुठे?"

"शेवटी."

फौजदारांनी मनातल्या मनात भाषणात एक परिच्छेद वाढवला. "आणि हाडात?"

"हाडात भोकं एकाच बाजूला. पहिल्या एक्स-रेत दिसतात, मग बुजून जा..." धाकटे बोलता बोलता थांबले. त्यांची नजर फौजदारांच्या काखेतल्या लखोट्यावर गेली. "पण त्यात बघण्यासारखं काही नसतं. जो एक्स-रे तपासतो त्याला चिठ्ठी माहीत नसते आणि ज्याला चिठ्ठी माहीत असते तो एक्स-रे तपासत नाही. शास्त्राचा नियमच आहे तसा."

फौजदार बाहेर आले, खिडकीशी गेले आणि लखोट्यातली काळी फिल्म काचेला लावली. ऑपरेशननंतर लगेच काढलेला फोटो. वर्षभर त्यांनी तो दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना दाखवला होता. डाव्या पायाची हाडं स्वच्छ होती. उजव्या पायात मात्र ठिपके होते: मांडीच्या हाडात दोन, नडगीत दोन. इतके दिवस त्यांना वाटत होतं, माशी बसून गेली.

उजवा रोबोचा होता. उजवा धाकट्यांचा होता.

भाषणातली मोकळी जागा भरली.

४

पण चोर सापडल्याशिवाय भाषण करणं फौजदारांच्या पेशात बसत नव्हतं. ते मोठ्या सिस्टरांकडे गेले.

सिस्टरांचं राज्य थिएटरच्या मागे, हत्यारं उकळून निर्जंतुक करण्याच्या खोलीत. तिथलं यंत्र जुनं, पिंपाएवढं, आणि सदा धुसफुसणारं. सिस्टर फळ्यावर अडकवलेल्या तक्त्यात उद्याच्या ऑपरेशनांचा क्रम लावत होत्या. एक नाव लिहिलं, पेनाच्या मागच्या टोकाने घासून काढलं, खाली लिहिलं, परत घासलं.

"साहेब लोकांचं मन," त्या म्हणाल्या. "सकाळी एक, दुपारी एक. शाईचं पेन वापरलं असतं तर तक्ता गिरवून गिरवून फाटला असता. बसा. चहा घ्याल?"

"तुमचे दोन्ही साहेब पाजून झाले."

"तो पाणी असतो." त्यांनी कप यंत्राच्या डोक्यावर ठेवला. "इथे ठेवते. संध्याकाळपर्यंत गार होत नाही."

"पेटी कुठे असायची?"

"इथेच. या यंत्राच्या डोक्यावर."

"कपाटात का नाही?"

"कपाटाला किल्ली, किल्लीला माणूस, माणसाला मामा-मावश्या. इथे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे. वर्षभर कोणी हात लावला नाही."

हे खरं असणार. फौजदारांनी कप उचलायला हात पुढे केला, बोट यंत्राच्या पत्र्याला लागलं आणि त्यांनी ते तोंडात घातलं. कोणी हात लावला नसता. लावताच आला नसता.

"चिठ्ठ्या तुम्ही लिहिल्यात?"

"एकूण एक. दोघांच्या देखत."

"आणि आता त्या कोऱ्या आहेत."

"तेच तर नवल," सिस्टर म्हणाल्या, आणि इतक्या शांतपणे म्हणाल्या की फौजदारांना त्यांच्या नोकरीतले सगळे निष्पाप लोक आठवले. त्यांतला एकही शांत नव्हता.

पोळलेलं बोट. खोडता येणारं पेन. फौजदार दारात थांबले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना बायकोचं बोलणं शब्दशः आठवलं.

"अगं," ते बाकाकडे जात म्हणाले, "तुझ्या कोड्याचं पुढे काय झालं?"

"आत्ता विचारताय? पुतणी म्हणाली, काकू, वही फ्रीझरमधे ठेव. ठेवली. सकाळी अक्षरं परत. ऊब लागली की ती शाई जाते आणि कडक थंडी लागली की येते म्हणे. नवऱ्यांचं उलटं."

५

हॉस्पिटलात एक खोल फ्रीझर होता. ऑपरेशनात निघालेली हाडं त्यात साठवत. घरच्या फ्रीझरचा तो आजोबा. फौजदारांनी सगळ्यांना त्याच्यासमोर उभं केलं आणि कारभारणीला सांगितलं, "चिठ्ठ्या आत ठेवा. अक्षरं परत येतील."

"फ्रीझर उघडायचा नाही!" थोरले आणि धाकटे एका सुरात ओरडले.

कारभारीण दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली. तिच्या लग्नानंतर या दोघांचं एकमत व्हायची ही पहिली वेळ होती. तिने शांतपणे फ्रीझर उघडला.

एक चहा होईतो चिठ्ठ्या आत राहिल्या. तेवढ्यात व्यायाम घेणारी फिजिओ, जिने वर्षभर पेशंटांचे गुडघे मोजले होते, तिने धीर करून विचारलं, "काका, तुम्हाला चोर कळलाय का?"

"चोर मागाहून. आधी गुन्हेगार," फौजदार म्हणाले. या पोरीवर त्यांचा जुना राग होता. दर खेपेला ती म्हणायची, 'काका, गुडघा तर किती छान वाकतोय!' जणू ते नाटक करत होते. आज तिलाही ऐकवायचं होतं. त्यांनी फिल्म उजेडात धरली. "हे ठिपके बघा. उजव्या पायात सळयांची भोकं. उजवा रोबोचा. म्हणजे माझ्या म्हातारपणाची माती करणारा माणूस," त्यांनी काठी धाकट्यांवर रोखली, "या फ्रीझरसमोर उभा आहे!"

धाकटे पांढरेफटक पडले. थोरल्यांच्या तोंडावर हसू उगवलं.

कारभारणीने चिठ्ठ्या बाहेर काढल्या. कागद कुडकुडत होते. अक्षरं आली होती, निळी, बारीक, सिस्टरांची. तिने फौजदारांची चिठ्ठी शोधून मोठ्याने वाचली:

"उजवा, थोरले डॉक्टर, हाताने. डावा, धाकटे डॉक्टर, रोबोने."

थोरल्यांचं हसू उगवलं तिथेच मावळलं.

फौजदारांची काठी हवेतच राहिली. हाड म्हणत होतं रोबो, चिठ्ठी म्हणत होती हात. हाडाला खोटं बोलता येत नाही, आणि चिठ्ठी दोघांच्या देखत लिहिलेली.

६

फौजदारांनी एक खुर्ची मागवली. डोकं चालायला लागलं की ते बसून घेत.

"दोन्ही खरं असेल," ते सावकाश म्हणाले, "तर एकच मार्ग उरतो. उजवा थोरल्यांनी केला. पण रोबोने."

"काहीतरीच!" थोरले म्हणाले. "मी आणि त्या डबड्याला हात लावीन?"

"हात. तोच तर मुद्दा आहे. तुम्ही अर्धा कप चहा दोन हातांनी पिता आणि तरी बशी वाजते. म्हातारा असो, थरथरता असो, रेष सरळच, असं जावईबापूंनीच मला सांगितलं. तुमच्या ऑपरेशनच्या वेळी जावयाने आत यायचं नाही, ही अट तुमची. रोबो तिथेच उभा. आणि माझी बायको बाहेर दोन कोडी सोडवत बसलेली, कारण तुम्हाला वेळ लागत होता. हाताने झटपट होतं, वेळ रोबोला लागतो."

"बघा!" धाकटे आनंदाने म्हणाले. "बघा, माझ्याच यंत्राने मला हरवायला निघाले होते!"

"तुम्ही बसा. तुम्ही आत गेलात आणि गेले तसे बाहेर आलात. रोबो लावून एवढा झपाटा? माझ्या डाव्या हाडात एकही भोक नाही. डावा तुम्ही हाताने केलात."



"एकदा ऐन मधे बंद पडला होता," धाकटे खाली बघत म्हणाले. "पाय उघडा आणि पडद्यावर 'थांबा' असं लिहिलेलं. त्यानंतर माझी छाती झाली नाही. हात... हात सरांनी शिकवलेला होता. तो बंद पडत नाही."

थोरल्यांनी जावयाकडे पाहिलं. कौतुक की शिसारी, ते त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नाही.

"दर पेशंटामागे रोबो एकदाच चालला," फौजदार म्हणाले. "ठरलं होतं तेवढाच. त्यामुळे कंपनीलाही वास आला नाही. फक्त चालवणारा उलटा होता. आणि हे दोन्ही वेळा आत असलेल्या एकाच माणसाला पुरतं ठाऊक होतं. भूल देणारे तर पेशंटाच्या डोक्याशी, पडद्यापलीकडे. काय सिस्टर?"

मोठ्या सिस्टर भिंतीला टेकून उभ्या होत्या. "दोघांना सांगितलं होतं मी. साहेब, हे बरं नाही. थोरले म्हणाले, तू हत्यारं दे. धाकटे म्हणाले, तुम्ही फक्त रोबोला कव्हर घाला. अगदी हेच शब्द, 'फक्त'. नोकरीभर मी या घराच्या हातात हत्यारं देतेय फौजदारसाहेब. एकदा वाटलं, आपल्याही हातात एखादं असावं."

"म्हणून ते पेन."

"म्हणून ते पेन, आणि म्हणून ते यंत्राचं डोकं. दोघांतला कोणीही जिंकला असता तर हार घालून माझ्यासमोरून मिरवला असता. मला दोघंही सभागृहात, सगळ्यांसमोर, तोंड उघडं टाकून उभे बघायचे होते." त्यांनी दोघांकडे पाहिलं. "बघितले. फार छान दिसत होते."

कारभारणीने चिठ्ठ्या गोळा करून फिजिओच्या हातात दिल्या. "हिशेब लाव. हात आणि रोबो."

फिजिओने आपल्या संगणकात आकडे भरले. जिना चढणं, खुर्चीतून उठणं, दुखणं. चिठ्ठीप्रमाणे लावून पाहिलं, मग खऱ्याप्रमाणे उलटं लावून पाहिलं.

"मॅडम, फरक नाही."

"कशात?"

"कशातच. कसंही लावलं तरी दोन्हीकडचे गुडघे सारखेच चांगले आहेत."

"चला," कारभारीण म्हणाली. आवाज तिच्या वडिलांचा होता, थंडपणा तिचा स्वतःचा. "हरेल त्याने थिएटर सोडायचं ठरलं होतं. तुम्ही एकमेकांची कला वापरून बरोबरीत आलात. उद्यापासून दोघंही थिएटरबाहेर. आणि जेवणाच्या टेबलावर मीठ आपापलं घ्यायचं. सिस्टर, तुमचं नंतर बोलू. आज तुम्ही घरी जा, चहा गरम असेपर्यंत."

सगळ्यांचा न्याय झाला होता. राहिले होते फौजदार.

"माझं काय?" ते उठत म्हणाले, आणि उठता उठता कळ गेली, जांघेपासून खाली, तीच ओळखीची. वर्षभराचा संताप त्यांच्या काठीत उतरला. ती थोरल्यांच्या छातीवर टेकली. "सगळे गुडघे चांगले म्हणे! माझा उजवा तुम्ही केलात. थरथरत्या हातांनी, उधारीच्या यंत्राने, चोरून. बोला! या गुडघ्याचा जबाब द्या! नाहीतर कोर्टात..."

"काका," फिजिओ मधेच म्हणाली, "हा गुडघा मी मोजलाय. डाव्याइतकाच वाकतो. तुम्ही माझ्यावर चिडायचात, पण खरंच वाकतो. एक विचारू? पायमोजे कोण घालतं तुम्हाला?"

"मी," बायको मागून म्हणाली. "उजव्यात. डाव्यात ते घालतात."

"मोटारीत बसताना?"

"उजवा पाय हाताने उचलून ठेवतात. जांघेत धरून."

"काका, बसा जरा." तिने फौजदारांना खुर्चीत बसवलं, उजवा गुडघा वाकलेला धरला आणि गुडघ्याला धक्का न लावता पाऊल हळूच बाहेरच्या अंगाला फिरवलं. मांडी वर खुब्यात फिरली. फौजदार असे ओरडले की सभागृहात बसलेले पेशंट दारापर्यंत आले.

"हे तू आधी का नाही केलंस?" कारभारणीने विचारलं.

"अभ्यास गुडघ्यांचा होता, मॅडम. खुब्याला रकाना नव्हता."

थोरले पुढे आले. धाकटेही आले. दोघांनी आळीपाळीने पाय फिरवून पाहिला, फौजदार आळीपाळीने ओरडले, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. आजचं हे दुसरं एकमत.

फौजदारांनी काठी खाली घेतली. भाषणाचा कागद खिशातून काढून नावाच्या जागेकडे जरा वेळ पाहिलं.

दोन्ही गुडघे उत्तम होते. झिजला होता तो उजवा खुबा, आणि तो कोणीच बसवलेला नव्हता. तो जन्मापासून त्यांचा स्वतःचाच होता.